चित्र हवेच, पण शब्दाला खेटून नको

महोदय,

आपल्या बालपानावर शब्द आणि त्यांची चित्रे छापून येतात. चित्रे सुबक असतात, मुले त्यांवर तुटून पडतात. त्यांच्या मांडणीबद्दल एक विनंती आहे.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. बडोद्यातल्या आमच्या भागातल्या मराठी घरांतली मुले आता बहुतेक इंग्रजी नाहीतर गुजराती शाळेत जातात. घरी मराठी अस्खलित, वाचनाच्या नावाने मात्र शून्य. त्यातली काही रविवारी माझ्याकडे वाचायला येतात. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते, त्यामुळे एका रेघेखाली जोडलेली आपली अक्षरे सुटी करून पाहायलाच त्यांना वेळ लागतो.

मध्यंतरी आपल्या पानावरचा ‘कमळ’ हा शब्द एका मुलीने खणखणीत आवाजात ‘फूल’ असा वाचला. नजर चित्रावर, अक्षरांकडे पाहिलेच नव्हते. मी चित्रावर तळहात ठेवला. मग तिचे बोट ‘क’वर आले, ‘म’वर रेंगाळले, ‘ळ’पाशी अडले. “कम... कमळ!” हात काढल्यावर तीच म्हणाली, “अगं आजी, हे कमळच आहे की!” चित्राचा खरा उपयोग तिथे झाला, वाचून झाल्यावर पडताळा म्हणून. आधी चित्र दिसले तेव्हा तिने नुसता अंदाजच बांधला होता, आणि अंदाजाने वाचणारे मूल पुढे बिनचित्रांच्या पानावर अडखळते.

म्हणून चित्रे काढून टाका, असे मी मुळीच म्हणत नाही. चित्रांचे मोल बडोद्याला कुणी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि पुढे त्यांच्याच ग्रंथालय खात्याने मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा) घेऊन गावोगाव चित्रे दाखवली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंतही ज्ञान पोचावे, ही त्यामागची तळमळ होती.

आणि काही शब्दांना तर चित्रावाचून गत्यंतर नाही. फ्लॅटमध्ये वाढलेले मूल ‘रांजण’ अक्षरे जुळवून बिनचूक वाचते, पण डोळ्यांपुढे काहीच येत नाही. जाते, वळचण, उंबरठा यांचेही तेच. अशा वेळी मी आधी चित्रावर गप्पा मारते: हे कुठे ठेवतात, आत काय असते, तुझ्या आजोळी आहे का? शब्द कानावरून गेला की मग वाचायला देते.

तेव्हा विनंती अशी. आंबा, मांजर, कमळ असे रोजचे शब्द मोठ्या टाइपात एकटे छापावेत आणि त्यांची चित्रे पानाच्या तळाशी, उलटी द्यावीत. मूल आधी वाचेल, मग पान फिरवून पाहील. घरातून हद्दपार झालेल्या वस्तूंची चित्रे मात्र शब्दाजवळच आणि जरा मोठी असावीत. वळचण दाखवताना खालची भिंतही काढायला सांगावी; नुसते छप्पर पाहून ती नेमकी कुठे, हे मुलांना कळत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे