थेंब मोजणाऱ्या मास्तरांस

इचलकरंजी

मास्तर, सप्रेम नमस्कार.

नेव्ही ब्लू पॉपलिनची डावी किनार आठ इंच फिकी निघत होती, तेव्हा सल्ल्यांचा काही दुष्काळ नव्हता. रंगाच्या एजंटानं डाय बदलायला सांगितला. केमिकलवाल्यानं रंग सारखा बसवणाऱ्या लेव्हलिंग एजंटचा कॅन उतरवला. प्रोसेसवाले म्हणाले सूत खराब, सूतवाले म्हणाले प्रोसेस खराब. एका जाणकारानं तर दोनदा टॉपिंग, म्हणजे वरून आणखी रंग, करायला लावलं. अख्खा ताका गडद झाला आणि किनार होती तेवढीच मागे राहिली. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं: चूक जिगरवाल्या, म्हणजे रंगाच्या मशीनवरच्या, पोराची. पगारही सगळ्यात कमी त्याचाच, तेव्हा हे ओघानंच आलं.

तुम्ही रंगवलेल्या ताक्यांना हातही लावला नाहीत. ब्लीच झालेलं, पण रंगात न गेलेलं कापड मागितलंत. खळ दाखवणारा आयोडीनचा निळा डाग नेव्ही ब्लूवर दिसणार कसा, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वारभर तुकडा शिल्लक होता. ड्रॉपर तुम्ही त्या पोराच्या हातात दिलात आणि म्हणालात, "थेंब तू टाक, सेकंद मी मोजतो."

आभार त्या वाक्याचे आहेत, मास्तर. बाकीचं नंतर.

पाण्याचा थेंब मध्यभागी ३ सेकंदांत जिरला, उजव्या किनारीला ३, डावीकडे १४. आकडे तुम्ही पेन्सिलीनं कापडावरच मांडलेत. मग आयोडीन: मध्ये फिकट पिवळा डाग, डावीकडे काळानिळा. विणण्याआधी सुताला लावलेली खळ तिथं राहिली होती. तेव्हा तो पोरगाच बोलला, की डिसायझिंगची (खळ काढायची) बॅच, म्हणजे कापडाची गुंडाळी, ठेवतात तिथं डाव्या अंगाला पंखा आहे आणि त्या बाजूचा प्लॅस्टिक कागद फाटलाय. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

खळ तोडणाऱ्या एन्झाइमला ओल लागते. त्यात पॅड करून (भिजवून-पिळून) रात्रभर ठेवलेल्या बॅचची किनार वाऱ्यानं सुकली की तिथली खळ तुटायची थांबते, आणि पुढचा कॉस्टिक सोडाही ती पुरती काढत नाही. रिॲक्टिव्ह डाय कापसाला धरतो तसा खळीलाही धरतो. सोपिंगमध्ये, म्हणजे साबणाच्या धुण्यात, खळ सुटली की रंग तिच्याबरोबर नाल्यात. वर कितीही रंग ओता, पाया तोच! डाग किनारीला नसते, ठरावीक अंतरानं आले असते आणि ते अंतर बॅचच्या घेराबरोबर वाढत गेलं असतं, तर बॅच फिरायची थांबून पाणी खाली उतरलंय असं समजायचं, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

बिघडलेले ताके वाचले. लिटरला ५ ग्रॅम कॉस्टिक आणि ५ ग्रॅम हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट), ८० अंशांवर स्ट्रिप, म्हणजे रंग उतरवणं. पुन्हा डिसायझिंग, ब्लीच, त्यातला पेरॉक्साइड पुरता मारल्याची पट्टीनं खात्री (उरलेला पेरॉक्साइड रिॲक्टिव्हची शेड खातो), आणि मग काळा. नेव्ही पुन्हा धरायचा मोह तुम्हीच मोडलात. आधी एकच ताका काढून हातानं फाडून बघा, कापड कमजोर झालं असेल तर पार्टीला माल जाण्याआधी सांगा, असंही बजावलंत. आपला धंदा बुडेल असा सल्ला फुकट देणारी माणसं या गावात अजून आहेत, हे आम्ही विसरत चाललो होतो. दुसऱ्याच्या अंगावर दोष ढकलण्याआधी कापडाला विचारणं, यात शिक्षण किती आणि चांगुलपणा किती, कुणास ठाऊक.

आकडे लिहिलेला तुकडा जिगरपाशी टाचला आहे. बॅचच्या दोन्ही टोकांना आता प्लॅस्टिक बांधतात. आयोडीन तपकिरी बाटलीत ठेवतो, उजेडापासून लांब. थेंब तोच पोरगा टाकतो.

आपला,
एक कापडवाला