आमचा रांजण न उलथवणाऱ्या आरोग्यसेवकास

आदरणीय आरोग्यसेवक दादा,
सप्रेम नमस्कार.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येते आणि त्या दिवशी घरात दुसरे कोणतेही काम होत नाही, हे आपल्याला कोणी सांगितले होते की नाही कोण जाणे. पण आपण वागलात मात्र ते ठाऊक असल्यासारखे. म्हणून हे पत्र.

आपल्याआधी येऊन गेलेल्यांविषयी लिहू नये असे ठरवले होते, तरी लिहिते. श्रावणात आळीत ताप सुरू झाला, एकेकाचे सांधे धरले, सासूबाईंना भाकरी थापवेना. तेव्हा आलेले पहिले गृहस्थ उंबऱ्याच्या आत न डोकावता भिंतीवर खडूने तारीख टाकून गेले. दुसऱ्यांनी अंगणातला भरलेला रांजण आमच्यादेखत पायाने उलथवला आणि 'डास तुम्हीच पाळता' असे वर ऐकवले. एका संध्याकाळी धुराचे यंत्रही फिरले. त्याने उडते डास मरतात, भांड्यांतल्या अळ्यांना काही होत नाही, हे आपण सांगेपर्यंत आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

रक्ताचे नमुने, चिकनगुनियाचा अहवाल, हौदात सोडलेले गप्पी मासे, हे सारे रीतसर झाले. माझ्या मनात राहिले आहे ते वेगळेच. आपण बॅटरीच्या उजेडात रांजणातल्या वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्यात आणि घरातले जुने सुती लुगडे मागितलेत. सगळे पाणी त्यातून घागरी-पातेल्यांत गाळून घेतलेत आणि मग बाह्या सरसावून काथ्याने रांजण आतून घासलात, पाणी उतरल्यावर उघडी पडलेली वरची कड तर दोनदा. चिकनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी तिथेच, पाण्याच्या रेषेलगतच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरून पाणी लागताच उबतात, असे आपण घासता घासता सांगत होतात. म्हणजे ज्यांनी रांजण उलथवला, त्यांनी आमचे पाणी तेवढे घालवले. अंडी होती तिथेच राहिली! आपण मात्र अळ्या उन्हात झटकून, पिण्याव्यतिरिक्त वापरायचे ते पाणी शेवटच्या तांब्यापर्यंत परत भरलेत.

मामंजींना १९७३ सालची बार्शीतली चिकनगुनियाची साथ आठवते. पुढे तीसेक वर्षे तिचे नाव ऐकू आले नाही आणि २००६ मध्ये ती राज्यभर पुन्हा उसळली, असे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि पाहुणे घड्याळ पाहतात. आपण ओल्या हातांनी ओसरीवर बसून ते पुरते ऐकलेत, मध्येच दोन प्रश्नही विचारलेत. माणुसकीला वेगळा निधी मंजूर करावा लागत नाही, हे त्या दिवशी आमच्या ओसरीला दिसले.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आमच्या नळाचे आणि डासाचे वेळापत्रक नेमके जुळलेले होते. आता नळ येण्याच्या आदल्या दिवशी सगळी आळी भांडी रिकामी करून घासते. सासूबाईंची मूठ सकाळी अजून पुरती मिटत नाही, त्यामुळे काथ्या माझ्या हातात असतो. कड कुठे घासायची राहिली, ते त्या बोट दाखवून सांगतात.

कळावे,
आपली नम्र,
आळीतील एक गृहिणी