जुना एनएच 15 निदान मैलाच्या दगडावर तरी राहू द्या : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गडकरी साहेब,
सादर नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. थरच्या वाळवंटातून जाणारा जुना एनएच 15, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 15, सन 2010 च्या नव्या क्रमांकांत नावापुरताही उरला नाही. ते तुमच्या आधी झालं हे माहितीये, पण आता जे करता येईल ते तुमच्याच खात्याच्या हातात आहे म्हणून लिहितोय.

हा रस्ता पठाणकोटहून निघायचा, अमृतसर, भटिंडा, अबोहर, श्रीगंगानगर, बिकानेर, फलोदी, पोखरण, जैसलमेर, बाडमेर, सांचोर असं करत खाली गुजरातेत सामखियाळीला येऊन संपायचा. दीड हजार किलोमीटर आणि नंबर एकच. नकाशा उघडून बघा, देशाची पश्चिम सीमा जशी वळते तसाच हा रस्ता वळतो. 1971 च्या डिसेंबरात लोंगेवालाला पाकिस्तानचे जे रणगाडे आले ते रामगढवरून जैसलमेर गाठायला निघाले होते, म्हणजे याच रस्त्यावर यायला. पंजाब, राजस्थान आणि कच्छ यांना सीमेच्या बाजूने जोडणारा धागा म्हणून या 15 ला अर्थ होता.

आता त्याच रस्त्याचे सहा नंबर झालेत. भटिंड्यापर्यंत 54, तिथून अबोहरपर्यंत 7, मग बिकानेरपर्यंत 62, बिकानेर ते जैसलमेर 11, जैसलमेर ते राधनपूर 68 आणि शेवटचा तुकडा 27. यामागचा नियम मला मान्य आहे, उगाच विरोध करत नाहीये. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणार, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणार, आणि फाट्यांना तीन आकडी नंबर. जुन्या पद्धतीत नंबरवरून दिशा कळायची नाही, आता कळते, हे चांगलंच झालं. पण हा रस्ता ना सरळ उभा ना सरळ आडवा, तो तिरका जातो, आणि नेमका म्हणूनच नियमात तुटला. बिकानेर-जैसलमेर पट्टा हरियाणातल्या रेवाडीकडून येणाऱ्या आडव्या 11 मध्ये गेला. त्यामुळे गंगानगरहून 62 धरून निघालेला नवखा माणूस बिकानेरला वळला नाही तर जैसलमेरऐवजी नागौर, जोधपूर करत थेट दक्षिण राजस्थानातल्या पिंडवाड्याला पोचतो. आणि 15 हा आकडा आता आसामात ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठच्या रस्त्याला दिलाय, वाळूतला नंबर पार पुराच्या मुलखात गेला!

हे कागदावरचं दुखणं नाहीये साहेब. त्या पट्ट्यातले जुने ड्रायव्हर अजून "पंद्रा नंबर" म्हणतात. एका दगडाजवळ मी थांबून बघितलं, वरचा पिवळा रंग वाळूच्या माऱ्याने खरवडला गेलेला, नव्या आकड्याखालून जुन्या 15 मधला 5 स्पष्ट दिसत होता. जमिनीचे जुने कागद, कोर्टातले दावे, जुने नकाशे यांत 15 च आहे. रात्री अपघात झाला आणि महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याने घाबरून जुना नंबर सांगितला तर पलीकडच्याला काय कळणार, याचा विचार व्हायला हवा.

9 सप्टेंबर 2021 ला तुम्ही आणि राजनाथ सिंहजी बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्ग 925ए वरच्या सट्टा-गांधव पट्ट्यावर हवाई दलाच्या विमानातून उतरलात, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला होता. त्याच मुलखात आता अमृतसर-जामनगरचा नवा सहापदरी रस्ता होतोय, म्हणजे पंजाब ते गुजरात हा धागा पुन्हा विणला जातोय, त्याच्या राजस्थानातल्या भागालाही 754के असा लांबलचक नंबर. बिकानेर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात उभं राहून विचारा की हा आकडा कोणाच्या लक्षात राहतो.

नंबर पुन्हा बदला असं मी मुळीच म्हणत नाही, आणखी एकदा सगळ्या पाट्या बदलणं म्हणजे लोकांचा छळच. मागणी एवढीच की पठाणकोट ते सामखियाळी या मार्गावर नव्या नंबरखाली लहान अक्षरात "जुना रा.मा. 15" लिहायचा आदेश काढा, आणि जुन्या-नव्या नंबरांचा एक साधा नकाशा हिंदी, पंजाबी आणि गुजरातीत टोलनाक्यांवर लावा, कारण राजपत्र कोणी वाचत नाही. सुरुवात फक्त बिकानेर ते जैसलमेर केलीत तरी चालेल, तिथे दगड तसेही दरवर्षी रंगवावेच लागतात.

आपला,
या रस्त्यावर नेहमी जाणारा एक प्रवासी