बंध तुटल्याने ऊर्जा मिळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला थकवा आणि आहार यांविषयीचा लेख वाचला. लेख कळकळीने लिहिला आहे आणि त्यातले सल्लेही योग्य आहेत. फक्त एका वाक्यापाशी मी अडले: अन्नाच्या रेणूंमधील बंध तुटतात आणि त्यांत कोंडलेली ऊर्जा शरीराला मिळते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. ते चूक आहे. लेखकाला एकट्याला दोष देता येणार नाही. हेच वाक्य मी गाइडांमध्ये आणि शेकडो उत्तरपत्रिकांमध्ये वाचले आहे, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत स्वतः फळ्यावर लिहिलेही आहे.

ते थांबले एका मुलीच्या प्रश्नामुळे. नववीत होती. तिने विचारले, "बाई, बंध तोडायचं काम तर पोटातच होतं. मग श्वास कशाला घ्यायचा?" मी "अन्न जाळायला प्राणवायू लागतो" असे सांगून वेळ मारून नेली, पण ते उत्तर पुढे कित्येक दिवस मला टोचत राहिले. तिचा तर्क बिनचूक होता. बंध तोडूनच ऊर्जा मिळत असती, तर प्राणवायूची गरजच उरली नसती.

पुढच्या वर्षी मी वर्गात दोन चुंबक घेऊन गेले. एकमेकांना चिकटलेले चुंबक ओढून वेगळे करा म्हटले की मुलांना जोर लावावा लागतो. सोडले की ते टक्कन चिकटतात, कधी बोटाला चिमटाही बसतो. जोर खर्च झाला तो वेगळे करताना, आणि बाहेर पडला तो चिकटताना. अणूंचेही तसेच आहे. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. ऊर्जा बाहेर पडते ती नवा बंध जुळताना. पोटात भाकरीतल्या पिठाची साखर होते, तेव्हा शरीराच्या हाती वापरण्याजोगे जवळजवळ काहीच लागत नाही. ती केवळ तयारी असते.

खरी मिळकत प्राणवायूच्या भेटीत आहे. हवेतल्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणूंची पकड त्या मानाने सैल असते. तोच प्राणवायू कार्बनशी आणि हायड्रोजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाला की पकड घट्ट बसते. जुने बंध सोडवायला जेवढे द्यावे लागते, त्याहून नवे जुळताना जास्त परत येते, आणि मधला फरक म्हणजे आपली ऊर्जा. ग्रॅमला मोजले तर तूप पिठाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण वापरलेल्या प्राणवायूच्या मापाने मोजले तर दोघांत फारसा फरक राहत नाही. एका लिटरमागे पिठातून साधारण ५ किलोकॅलरी मिळतात, तर तुपातून ४.७. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरतो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. हिशेब करा, १,७०० किलोकॅलरींच्या आसपास येतो. माणसाने नुसता किती प्राणवायू वापरला हे मोजून त्याचा ऊर्जाखर्च सांगता येतो, तो याच कारणाने.

'अन्न जळते' हेही अर्धेच खरे. शेंगदाणा सुईला टोचून पेटवला आणि ज्योतीवर परीक्षानळी धरली तर पाणी तापते, हे मुलांनी पाहिलेले असते. पेशीला असा भडका परवडत नाही, कारण एकदम निघालेल्या उष्णतेतून तिला काम करून घेता येत नाही. म्हणून ती ग्लुकोज पायरी-पायरीने उतरवते. आधी ग्लुकोजचे तुकडे करणाऱ्या ग्लायकोलायसिसच्या दहा पायऱ्या, ज्यांत एटीपीचे, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, निव्वळ दोनच रेणू हाती येतात. मग शास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेले रासायनिक क्रियांचे चक्र. या वाटेवर ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि पेशीतल्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर एका वाहकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. सगळ्यात शेवटी ते घ्यायला प्राणवायू उभा असतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घेऊन त्याचे पाणी होते. तो नसला की अख्खी रांग तुंबते. रक्तात साखर असूनही गुदमरलेला माणूस काही मिनिटांत दगावतो, तो यामुळे.

इलेक्ट्रॉन उतरत असताना पटलाच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला उपसले जातात. नगर-ठाणे सीमेवरचा घाटघर उदंचन प्रकल्प ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. तिथे वीज शिल्लक असते तेव्हा खालचे पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरज पडली की टर्बाइनमधून खाली सोडतात. तंतुकणिकेत उपसलेले प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून येतात आणि ते प्रथिन खरोखर गरगर फिरते. १९९७ साली जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या फिरत्या भागाला चमकणारा धागा जोडून हे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी प्रोटॉन उपसण्याची ही कल्पना १९६१ साली मांडली, तेव्हा बहुतेक जाणकारांना ती पटली नव्हती. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागातला एक जुना वाडा दुरुस्त करून तिथे त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

एटीपीला आपली पुस्तके 'ऊर्जेचे चलन' म्हणतात, आणि तिथेही 'बंध तुटला की ऊर्जा सुटते' हे वाक्य डोके वर काढते. एटीपीचा तो बंध तोडायलाही ऊर्जा लागते; फायदा होतो तो पाण्याशी नवे बंध जुळतात आणि एकमेकांना ढकलणारे ऋण प्रभार सुटे होतात म्हणून. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या मुलांना एटीपी पाठ असतो, पण हे नाव एकाही वर्गात मला मुलांच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

आपणास दोन विनंत्या आहेत. पहिली, त्या वाक्याची दुरुस्ती ठळकपणे छापावी. पुरवणी शाळांमध्ये वाचली जाते, कात्रणे फळ्याशेजारी लागतात, आणि चूक तिथेच वर्षभर राहते.

दुसरी, एक घरगुती प्रयोग मुलांसाठी द्यावा. मोड आणायला फडक्यात बांधलेल्या मटकीच्या गाठोड्यात सकाळी बोट घालून पाहिले तर मधला भाग कोमट लागतो. ती मटकी श्वास घेत असते. ऊर्जेचा काही भाग तिच्या मोडाला लागतो आणि बाकीची ऊब होऊन बाहेर पडते. मोड येत असलेली मटकी एका थर्मासात आणि उकडून गार केलेली दुसऱ्या थर्मासात भरावी. दोन्हींत तापमापी खोचून तोंडाला कापसाचा बोळा लावावा. बूच घट्ट बसवू नये, हवा आत जायला हवी. आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक दिसायचा. उकडलेली मटकी भरण्यापूर्वी पातळ जंतुनाशकाने धुऊन घ्यायला मात्र विसरू नये, नाहीतर तिच्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, तेही श्वास घेऊ लागतात, आणि तो थर्मासही तापतो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
कोरेगाव, जि. सातारा