‘आत गेले’ हे कशावरून? एका संशोधिकेस आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

पेशीद्रवात तयार झालेले प्रथिन हरितलवकात कसे शिरते, हे आपण आपल्या प्रयोगशाळेत मला प्रत्यक्ष दाखवलेत. त्याबद्दल फोनवर आभार मानले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हरितलवकाला स्वतःचा डीएनए आहे आणि स्वतःचे रायबोसोमही आहेत. मग त्याची बहुतेक प्रथिने बाहेर का तयार होतात, असे वर्गात दरवर्षी विचारले जाते. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडते. हरितलवकाचे पूर्वज एके काळी स्वतंत्र जगणारे सायनोबॅक्टेरिया होते, त्यांची बहुतेक जनुके कालौघात केंद्रकात गेली, आणि आज हरितलवकातील सुमारे 3000 प्रथिनांपैकी जेमतेम 100 प्रथिनांची जनुके त्याच्यापाशी उरली आहेत. मात्र बाहेर तयार झालेले प्रथिन दोन आवरणे ओलांडून आत जाते हे कशावरून ठरले, याविषयी पुस्तकात एक ओळही नाही. मी तेवढेच आपल्याला विचारले होते. आपण उत्तर लिहून पाठवण्याऐवजी मला बोलावून घेतलेत.

वाटाण्याची कोवळी रोपे सॉर्बिटॉलच्या बर्फगार द्रावणात मिक्सरमध्ये क्षणभर फिरवून, गाळून, तो हिरवा रस आपण परकॉलवर (घनतेनुसार कण वेगळे करणाऱ्या द्रवावर) अलगद सोडलात आणि सेंट्रिफ्यूज केलात, तेव्हा नळीत दोन हिरवे पट्टे दिसू लागले. वरचा फुटक्या हरितलवकांचा आणि खालचा अखंड हरितलवकांचा. सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या पट्ट्यातील हरितलवकांच्या कडा उजळ दिसत होत्या, तर वरचे निस्तेज आणि दाणेदार होते. आवरण शाबूत नसेल तर आत काय आणि बाहेर काय, हे सांगताच येणार नाही, असे आपण म्हणालात. पुढचा सगळा प्रयोग त्या वाक्यावर उभा होता.

आपण निवडलेले प्रथिन होते रुबिस्कोचे, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचे, लहान उपएकक. रुबिस्कोच्या एका रेणूत 8 मोठी आणि 8 लहान उपएकके असतात. मोठ्याचे जनुक हरितलवकात आणि लहानाचे केंद्रकात. वाटाण्यात हे लहान उपएकक पेशीद्रवात तयार होते तेव्हा सुमारे 20 किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) असते. आत पोहोचल्यावर त्याच्या अग्रभागी असलेले ट्रान्झिट पेप्टाइड, म्हणजे आत जाण्याचा पत्ता सांगणारा तुकडा, स्ट्रोमातील (हरितलवकाच्या आतल्या द्रवातील) एक प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणारे विकर, कापून टाकते आणि सुमारे 14 किलोडाल्टनचे प्रथिन उरते. असे लांबट पूर्वरूप, म्हणजे कापणीआधीचे प्रथिन, असते, हे 1977 मध्ये डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि चुआ यांनी क्लॅमिडोमोनस या शैवालात दाखवले. पुढच्याच वर्षी चुआ व श्मिट यांनी न्यूयॉर्कमध्ये, तर हायफील्ड व एलिस यांनी इंग्लंडमध्ये, वेगळे तयार करून घेतलेले पूर्वरूप अखंड हरितलवकांत मिसळले आणि ते आत जाते हे सिद्ध केले.

तोच पुरावा आपण मला एक्स-रे फिल्मवर वाचायला शिकवलात. फिल्मवर प्रत्येक नमुन्याचा एक रकाना असतो आणि प्रथिन जितके मोठे तितकी त्याची रेघ वर दिसते. पहिल्या रकान्यात किरणोत्सारी गंधकाने खूण केलेले नुसते पूर्वरूप, म्हणजे वरची एकच रेघ. दुसऱ्यात हरितलवकांत मिसळल्यानंतरच्या दोन रेघा, वर लांब रूप आणि खाली आखूड. पण एवढ्यावर ‘आत गेले’ म्हणायला आपण तयार नव्हतात, कारण एखाद्या फुटक्या हरितलवकातून सांडलेल्या प्रोटिएजने बाहेरच कापणी केली असेल, ही शंका उरतेच. म्हणून तिसऱ्या रकान्यातील हरितलवकांवर थर्मोलायसिन सोडले होते. हे विकर बाहेरचे आवरण ओलांडू शकत नाही. पृष्ठभागावर असलेले प्रथिन ते पचवते आणि आतल्याला धक्का लावत नाही. तिसऱ्या रकान्यातली वरची रेघ पुसली गेली होती आणि खालची जशीच्या तशी होती. इतके नेटके उत्तर मी क्वचितच पाहिले आहे.

त्याहून मोलाची वाटली ती एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, फिल्म. अंधारात, अगदी थोडे एटीपी दिले की पूर्वरूप आवरणाला घट्ट चिकटते, पण पुढे सरकत नाही. मग बाहेरचे सुटे पूर्वरूप धुऊन टाकायचे आणि भरपूर एटीपी द्यायचे, की तेच चिकटलेले रेणू आत जातात. चिकटणे आणि ओढले जाणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे मधली पायरी अडवून ठेवता आली म्हणून कळले. पुस्तकातल्या आकृतीतला बाण पाहून हे कधीच लक्षात आले नसते.

टॉक आणि टिक, म्हणजे अनुक्रमे बाहेरच्या आणि आतल्या आवरणातून प्रथिने आत नेणाऱ्या प्रथिन-संकुलांची, नावे आपण शेवटी सांगितलीत, ते योग्यच झाले. टॉक159 आणि टॉक34 हे जीटीपीच्या (एटीपीसारख्याच एका रेणूच्या) मदतीने पूर्वरूप ओळखतात, टॉक75 बाहेरच्या आवरणातील मार्ग होतो, आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत टॉक159 नसेल तर रोप पांढरे पडते. आतल्या आवरणातील मार्गाबद्दलचे मतभेदही आपण लपवले नाहीत. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी टिक20 भोवतीचे एक मोठे संकुल पुढे आणले. त्यातील टिक214 चे जनुक खुद्द हरितलवकात असते, पण भात, मका, गहू या गवत कुळातील पिकांत ते नाहीच. मग भाताच्या पानात हे काम कसे चालते, यावर आपण जेवणाच्या सुट्टीत जे बोललात, ते मी कोकणातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

आपण दिलेल्या फिल्मच्या प्रती मी आता रकान्यांची नावे झाकून वर्गात वाटते, आणि कोणत्या रकान्यात काय घातले असेल हे मुले आपापसांत वाद घालून ठरवतात. ज्यांनी भल्या पहाटे रोपे कापून बर्फात ठेवली होती, त्या आपल्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनाही माझे मनःपूर्वक धन्यवाद कळवावेत.

आपली कृतज्ञ,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका