शनिवारी जेआरएफ-एसआरएफ फायलींची तपासणी

संशोधक मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये जेआरएफवरून (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) एसआरएफवर (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) जाण्यासाठीच्या फायली तपासून देऊ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) जेआरएफला दोन वर्षं होत आलेल्यांनी यायचंच. बीड-परभणीहून एसटीने येणाऱ्यांच्या फायली 12 नंतर घेऊ.

सोबत आणा:

- रुजू अहवाल.
- प्रगती अहवाल, तीन सदस्यांच्या समितीच्या सह्यांसह. बाहेरच्या तज्ज्ञांच्या सहीखाली शिक्का मारायचा हमखास राहून जातो. मग फाईल परत येते आणि महिन्याच्या फेलोशिपचे 37,000 रुपयांचे 42,000 व्हायला उशीर होतो.
- 16 अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक. एका पेपरवर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, असं असेल तर दोन्ही पेपर ऑर्किड खात्यात आधीच जोडून ठेवा.

झेरॉक्सच्या दोन प्रती हव्यात. मूळ कागद कुणाकडेही ठेवून जायचे नाहीत, आमच्याकडेसुद्धा!