लसणातला ल आणि पुऱ्यांमधला ऱ्य : वरच्या मजल्यावरच्या बाळास पत्र

प्रिय बाळा,

तुझं नाव कुठे लिहायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून आई तुला मारायची तीच हाक इथे मारते. माझ्या आईची पाककृतींची वही टाईप करताना तू केलेल्या मदतीबद्दल फोनवर आभार मानायला गेले की ‘अहो काकू, त्यात काय एवढं’ म्हणून तू विषय बदलतोस. आता चारचौघांत लिहितेय, तेव्हा मधेच तोडता येणार नाही तुला.

बंगळूरला जाण्याआधी तू माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून दिलंस तेव्हा मी मनातून घाबरलेच होते. पण इंटरनेट चाललं, बँकेचं पान उघडलं, मराठी टाईप करायचा इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड मिळाला, मग माझी तक्रार नव्हती. गाडी अडली ती आईच्या वहीपाशी.

ती वही तू पाहिली आहेस. तेलाच्या डागांनी पानं बटर पेपरसारखी झालीत आणि कैऱ्यांच्या लोणच्याचं पान तर शिवणीतून सुटलंय. एकूण ६२ कृती. आईला चैत्रात ८५ वं लागणार, त्याआधी टाईप करून वीस प्रती काढायच्या असं मी ठरवलं. पहिलं पान लसणाच्या चटणीचं. अक्षर १८ चं केलं आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा पुसला, पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘हा ल कुणाचा गं?’’

खरंच होतं तिचं. स्क्रीनवरचा ल उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदी पुस्तकात असतो तसा. आई लिहिते तो मधल्या देठाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या असलेला. शेंगदाण्यातला श पण तसाच परका. मी पंचायत समितीत जन्म काढला. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ ला मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातला पाकळ्यांचा ल मला पक्का ठाऊक, आणि तरी मला तो दांडा दिसला नव्हता!

भावाला सांगितलं, तो म्हणाला, ‘‘वाचता येतंय ना? मग झालं.’’ झेरॉक्सवाला म्हणाला, ‘‘काकू, ल तो ल.’’ तुला फोन केला तेव्हा तू एवढंच म्हणालास, ‘‘वहीचा आणि स्क्रीनचा, दोन्ही फोटो पाठवा.’’ आणि दहा मिनिटांनी तुझा निरोप आला : ‘‘आजींचं बरोबर आहे.’’

बाळा, आभार मुख्यतः त्या तीन शब्दांचे आहेत. बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

मग तू समजावलंस की कॉम्प्युटरच्या पोटात ल एकच असतो, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असं नसतं. त्याला रूप देतो तो फॉन्ट. काही फॉन्टात दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमून दिली की आपला ल उमटतो. काही फॉन्ट थेट मराठीसाठीच कापलेले. त्यातला टिरो देवनागरी मराठी तू सुचवलास. हार्वर्डच्या विद्यापीठ प्रकाशनानं मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात साहित्याच्या मालिकेतल्या पुस्तकांसाठी जी अक्षरं करवून घेतली होती, त्याच घराण्यातला. फुकट आहे म्हटल्यावर मी विचारलं होतं, ‘‘चोरीचा नाही ना?’’ तू हसलास आणि झिपमधली परवान्याची फाईल मला वाचायला लावलीस. ओपन फॉन्ट लायसन्स. वापरा, छापा, दुसऱ्याला द्या. शासकीय परिपत्रकापेक्षा सोपी भाषा आहे.

फॉन्ट उतरवला, झिप सोडवली, फाईलवर दोनदा क्लिक केलं. मोठी सुंदर अक्षरं दिसली. मला वाटलं, दिसला म्हणजे बसला. मी ज्यात टाईप करते त्या लिबरऑफिसमध्ये जाऊन पाहते तर फॉन्टच्या यादीत पत्ता नाही. मग मी स्वतःची अक्कल चालवून सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरात फाईल टाकायला गेले, तर परवानगी नाकारली. माझ्याच घरात मला!

त्या रात्री नऊनंतर तू फोनवर सव्वा तास बसलास. तो सगळा तास इथे मांडत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली, लपलेल्या फोल्डरची. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की ते फोल्डर दिसत नाही, कंट्रोल आणि एच दाबलं की सगळे बाहेर येतात. माळ्यावरचा दिवा लावल्यासारखं झालं. त्यातलं ‘लोकल’ उघडायचं, त्यात ‘शेअर’, आणि त्यात ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर नसेल तर आपण करायचं. हे आपल्या हक्काचं, इथे कुणाची परवानगी लागत नाही. मी केलं, फाईली ठेवल्या आणि तरी काही नाही. तू तीनदा विचारलंस, ‘‘नाव नीट वाचून दाखवा.’’ मी शेवटचा एस खाल्ला होता. एका एसपायी वीस मिनिटं गेली, पण तू ‘अरेच्चा’च्या पुढे गेला नाहीस.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरला नव्या फॉन्टची नोंद घ्यायला लावणाऱ्या आज्ञेची. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाईप करायची, काळी खिडकी उघडवून तू म्हणालास, ‘‘एफ, सी, डॅश, कॅश.’’ मी डॅश अक्षरांत टाईप केलं. ‘‘काकू, डॅश म्हणजे आडवी रेघ.’’ बरं. मग कॅश लिहिलं, सी ए एस एच. इतकी वर्षं कॅशबुक लिहिलं मी, मला कॅश एकच ठाऊक. कॉम्प्युटर म्हणतो, अशी आज्ञाच नाही. मग तू एकेक अक्षर सांगितलंस, सी ए सी एच ई, पुढे जागा सोडून रेघ, एफ आणि व्ही. ओळींमागून ओळी धावल्या. त्यात आपल्या फोल्डरापुढे ‘२ फॉन्ट’ असं आलं, एक सरळ आणि एक तिरपा. अगदी खाली लिहिलं होतं की काम फत्ते. लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडायला लावलंस, आणि यादीत टिरो! पान निवडून त्याला तो फॉन्ट दिला. आई तोवर झोपली होती. मी तिला उठवलं. लसणावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हां, आता कसा.’’

तू लांबूनच माझ्या स्क्रीनचा ताबा घेऊन पाच मिनिटांत हे उरकू शकला असतास. भाचा नेहमी तसंच करतो. नंतर मला त्यातलं काही येत नाही ते नाहीच.

पुऱ्यांचं लफडं मात्र फॉन्टवर ढकलायला गेले आणि तोंडघशी पडले. माझ्या टाईपात सगळीकडे ‘पुर्या’ उमटलं होतं. आई म्हणाली, ‘‘आमच्याकडे पुऱ्या तळतात, पुर्या कुठल्या?’’ मी लगेच टिरोला बोल लावला. तू म्हणालास, ‘‘गुन्हेगार फॉन्ट नाही काकू, तुमची बोटं आहेत.’’ साध्या र चा पाय मोडून य दिला की रफार वर चढतो. शिफ्ट धरून टिंबवाला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मग य द्यायचा. नोकरीत इतकं टाईप केलं, पण ऑफिसात अर्ध्या कागदांवर रफारच चढलेला असायचा आणि कुणी हू की चू करत नसे. हे कळल्यावर मी उत्साहात सगळ्या दस्तऐवजात एका झटक्यात र्य च्या जागी ऱ्य करून टाकला. कैऱ्या, पुऱ्या, मोहऱ्या सगळ्या सुधारल्या. आणि तळणीसाठी घेतलं सूऱ्यफुलाचं तेल. ते एकेक करून परत दुरुस्त करताना तुला फोन केला नाही, एवढी लाज मला आहे.

आता तुला ठाऊक नसलेली बातमी. मुखपृष्ठावर ‘आईची वही’ एवढंच ठसठशीत हवं होतं, आणि टिरोला ठळक रूप नाही. बळंच ठळक केलं तर अक्षरं शाई सांडल्यासारखी फुगतात. म्हणून मी मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता नावाचा फॉन्ट उतरवला. त्याची सात वजनं आहेत, बारीकपासून चांगल्या जाडजूडपर्यंत. कंट्रोल एच दाबलं, लोकल, शेअर, फॉन्ट्स (एससकट), सातही फाईली ठेवल्या. काळी खिडकी उघडली, सी ए सी एच ई. आपल्या फोल्डरापुढे ‘९ फॉन्ट’. कुणाला विचारलं नाही. आणि ‘आईची वही’ या दोन शब्दांत ना ल आहे ना श, त्यामुळे आईला बोट ठेवायला जागाच नाही.

छापखान्यात एक गंमत झाली. मी मूळ फाईल पेनड्राईव्हवर नेली, त्यांच्याकडे टिरो नाही, पडद्यावर पुन्हा तोच दांड्याचा ल. घरी येऊन पीडीएफ करून नेली. फॉन्ट पीडीएफच्या आतच बसून जातो, हे तू जाता जाता एकदा म्हणाला होतास ते तेव्हा आठवलं.

वीस प्रती आल्या आहेत. आईनं पहिली हातात घेतली, ओळीओळीवर बोट फिरवत एकतिसाव्या पानापर्यंत आली आणि थांबली. माझ्या पोटात गोळा आला. म्हणाली, ‘‘अक्षर झकास आहे. मीठ दोन चमचे लिहिलंयस, ते दीड हवं.’’

वीसच्या वीस प्रतींत मी पेनानं दीड केलंय. तुझी प्रत आणि कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी तुझ्या आईकडे वर देऊन ठेवलीय. बरणी परत कर.

तुझी,
खालची काकू